राबाखालचा भुईचाफा

नसरापूर सोडलं की वेल्ह्याच्या एसटीत मी आता खिडकीची जागा घेत नाही. चैत्रात तर मुळीच नाही. या दिवसांत दोन्ही अंगांच्या उतारांवर जागोजाग धूर असतो. उंच जाणारा नव्हे. जमिनीलगत लोळणारा, आळशी, निळसर. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या आणि गवत यांचे थर द्यायचे, वर मातीचा पातळ थर पसरायचा आणि पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. तो दिवसभर आतल्या आत धुमसतो. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, आणि पावसात त्या काळ्या राखेतून भाताचं रोप असं उठतं की बघत राहावं. शहरातले पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि ‘प्रदूषण’ म्हणतात. यांच्या फार्महाऊससाठी अख्खा डोंगर खरवडतात तेव्हा हा रुमाल कुठं असतो, असं मी एका पत्रकात विचारलं होतं. तेव्हा मी राबाच्या बाजूची होते. आजही आहे. फक्त त्याचा वास मला सोसत नाही.

मी पत्रकं लिहिते. भोरात आमचा सातआठ जणांचा गट आहे. कुणी कॉलेजात शिकवतं, कुणी मोबाईल दुरुस्त करतं, कुणी नुसतंच भांडतं. नदीत सोडलेलं सांडपाणी, प्लॉटिंगवाल्यांनी बुजवलेले ओढे, सरकारी कपाटात पडून राहिलेल्या धरणग्रस्तांच्या फायली, हे आमचे विषय. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत आरोप, मधे पुरावा, शेवटी मागणी. शंका छापायची नसते. मला हे लवकर जमलं. वडील म्हणायचे, “ही जेवायला बसली तरी आधी निषेध करते आणि मग भाकरी मागते.”

चारेक वर्षांपूर्वी शाळांच्या परसबागांसाठी मी एक घडीचं पत्रक लिहिलं. तेही चिडूनच. दर पावसाळ्यात पाहुणे येणार, खड्डा, रोप, फोटो. आणि मे महिन्यात त्याच खड्ड्यात वाळकी काडी. मुलांना तर झाड म्हणजे उभं राहणारं लाकूड, एवढंच माहीत. म्हणून सोपं करून लिहिलं. काही वनस्पती एकाच वर्षाच्या: झेंडू, तेरडा, काकडी, बी टाकतात आणि जातात. काही दोन वर्षांच्या: कांदा, मुळा, पहिल्या वर्षी पोट भरतात, दुसऱ्या वर्षी फुलतात आणि संपतात. बाकीच्या बहुवर्षायू. त्यांत कंदांच्या, झुडपं, वेली, वृक्ष. आणि ज्यांना फूलच नाही असे नेचे, विहिरीच्या कडेनं राहणारे. एक चौकट खास माझी होती: ‘फाल्गुनात पळस, सावर, पांगारा उघडे दिसले तर त्यांना मेलेले समजू नका.’ या चौकटीचा मला अभिमान होता. एका शाळेत मुलांनी ती भिंतीवर रंगवली होती. पुढं मी जे केलं ते आठवलं की वाटतं, झाडाला दिलेली ही सवलत मी जमिनीला का दिली नाही?

पत्रकाची पहिली प्रत मी आत्याकडे घेऊन गेले. पारूआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वेल्ह्याच्या बाजूला एका वाडीत राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा वसंता पुण्यात टेम्पो चालवतो. घरात ती, एक गाय, कोंबड्या आणि मागच्या दाराला चार भिंतींएवढं परडं. परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा, पण तिच्या परड्यात मोकळं असं काही नसायचं. भाद्रपद होता. दोडक्याचा वेल छपरावर गेलेला, अळूची पानं ताटाएवढी, मिरच्या, झेंडू, शेवग्याखाली काहीबाही रंगीत पानं. ती खुरपं घेऊन बसलेली.

“वाच बगू काय लिवलंस त्ये,” ती म्हणाली.

मी वाचलं. ठणठणीत आवाजात, सभेत वाचावं तसं. वर्षायू, द्विवर्षायू, बहुवर्षायू.

“आगं, जोशीबुवा झालीस का काय?” ती हसायला लागली. “सगळ्यांचं आयुष्य मोजलंस, पत्रिका मांडल्यावानी. कोन किती जगंल ह्ये कशाला सांगतीस पोरास्नी?”

“मग काय सांगायचं?”

“म्हागारी कसं येतं त्येवडं सांगावं. झेंडू बियानं म्हागारी येतो. जास्वंद फांदीनं येती. हळद गाठीनं येती. आंबा लवकर जातच न्हाई, त्येला काय इचारायचं.”

“आणि नेचा? त्याला ना बी, ना गाठ.”

“त्यो विहिरीला इचार,” ती म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर पुन्हा हसली.

मग तिनं खुरप्याच्या टोकानं शेवग्याखालची पानं दाखवली. रुंद, वरून चितारल्यासारखी, खालून जांभळी. “ह्यो भुईचाफा. माझ्या म्हायेरचा. करंजघरचा. आईच्या न्हानीमागं व्हता. दिवाळी झाली की पानं टाकून झोपतो, मग शोधून घावायचा न्हाई. आन वैशाखात नुसत्या भुईतनं फूल येतं बग. पान नसतं, काय नसतं.”

“म्हणजे कंदवर्गीय,” मी म्हणाले, आणि पत्रकाच्या पुढच्या घडीकडे वळले.

हे मी जसंच्या तसं लिहितेय, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं असं म्हणायची सोय मला नको आहे. मला सांगितलं होतं. फूल कधी येतं, पान कधी जातं, कुणाच्या न्हाणीमागं होतं, सगळं. मी त्याला गट दिला आणि विसरून गेले. गट सापडला की माझं काम संपायचं.

करंजघर मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते धरणात गेलं. तरी त्या गावाविषयी मी जितकं लिहिलंय तितकं तिथं जन्मलेल्या कुणी लिहिलं नसेल. ‘आमच्या गावाचं काहीही उरलं नाही’ हे वाक्य माझ्या किमान पाच पत्रकांत आहे. लोक टाळ्या वाजवायचे. वडील सभेला येत नसत. दुकानात काम आहे म्हणायचे.

त्यानंतरच्या फाल्गुनात आत्या गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. वसंतानं तिला पुण्याला नेलं, दवाखान्यात सळई घातली, पुढं महिनाभर त्याच्याच खोलीवर ठेवलं. गाय आणि कोंबड्या बघायला मी वाडीत जाऊन राहिले. मला बरंच वाटलं. कागदापेक्षा माती बरी, असं मीच सगळ्यांना सांगायचे. सकाळी धार काढायला जमायचं नाही म्हणून शेजारचे दगडूनाना यायचे. सत्तरीचे, वाकडं बोलणारे. “पत्रकवाली, गाईला वाचून दाखीव जरा, पान्हा सोडंल,” असं काहीतरी रोज.

संध्याकाळी आत्याचा फोन यायचा. गाय खाते का, खुडूक कोंबडी बसली का, दार नीट लावतेस का. आणि दरवेळी शेवटी, “परड्यात पानी घालू नगंस हां.”

मी दाराशी जाऊन बघायचे. शेवगा होता, कडेला जास्वंद होती, आणि मधे सगळी उघडी, भेगाळलेली जमीन. दोडक्याच्या वाळक्या दोऱ्या. “आत्या, इथं पाणी घालण्यासारखं आहेच काय?”

“आसू दे. तरी घालू नगंस.”

गाठी झोपलेल्या असताना पाणी पडलं तर कुजतात, म्हणून ती सांगत होती. मला वाटलं, म्हातारी पाणी वाचवतेय.

चैत्र लागला. वाडीत राब घालायची गडबड सुरू झाली. आत्याचा राब दरसाल खालच्या खाचरात असायचा, ओढ्याजवळ. पाय घसरेल अशी उतरण. माझ्या मनात आलं, सळई घातलेली बाई तिथं उतरणार कशी? रोप मागच्या दारालाच टाकलं तर ओट्यावर बसून राखेल, पाखरं हाकेल, पाणी बघेल. मला ही कल्पना इतकी आवडली की त्या रात्री झोप आली नाही. सकाळी नानांना सांगितलं.

“राब खालच्या खाचरातच घालती वहिनी,” ते म्हणाले.

“तिला उतरता येणार आहे का आता खाली?”

“त्ये खरं. पर तिला इचारलंस का?”

“तिला कशाला त्रास? ती आधीच काळजी करतेय तिकडे.”

“इचारायला तरास व्हतो व्हय?”

“नाना, जागा रिकामी आहे. दिसतेय की.”

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “मागल्या दाराची जागा बायामानसाची असती, पोरी. तितं कुठं काय हाय आमाला ठावं न्हाई. तुझी आत्या हाय, तू बग.”

मी बघितलं. म्हणजे कुदळ घेतली. आधी खणून ढेकळं फोडली, कारण मला काम अर्धवट आवडत नाही. शेवग्याच्या बाजूला माती मऊ होती आणि तिथं मुळांचं जाळं निघालं. दोऱ्यांना मणी लोंबावेत तशी बारीक गोलसर बोंडं, मधे बोटाएवढ्या गाठी. वाळकी, मातकट, मेलेली. पाटीभर निघाली. एक गाठ कुदळीनं चिरली गेली. आत पांढरट होती आणि वास आला, कापरासारखा, थोडा आल्यासारखा. मी थांबले. हे मी अनेकदा स्वतःला विचारलंय आणि उत्तर तेच येतं: हो, मी थांबले होते. हातात गाठ धरून उभी होते. मग ती पाटीत टाकली आणि पाटी राबावर ओतली. मुळं राहिली तर तण येतं, असं माझ्याच पत्रकात होतं.

शेण, पाला, फांद्या, गवत, माती. दुपारी पेटवला. थोड्या वेळानं नाना बांधावरून ओरडले, “आगं, धुराला वास कसला येतोय? देवळात बसल्यावानी वाटतंय.”

“तुमचं पुण्य, नाना!” मी म्हणाले. आम्ही दोघं हसलो. मी मोबाईलवर राबाचा फोटो काढून स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, मातीशी नातं.

वैशाखाच्या सुरुवातीला वसंतानं आत्याला टेम्पोतून आणलं. हौद्यात गादी घातली होती. ती उतरली, वॉकर पुढं ठेवला, पाणी घेतलं नाही, गाईच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, “मला मागल्या दाराला ने.” मी तिच्या कोपराला धरून नेलं. शाळेत बक्षीस घ्यायला जाताना चालतात तशी मी चालत होते.

परड्यात काळा चौकोन होता. एका कडेनं राख उडून गेलेली.

तिनं वॉकर ढकलत राखेपर्यंत नेला. मग म्हणाली, “हितं राब कुणी घातला?”

“मीच. तुला खाली उतरायला नको. ओट्यावर बसून राखता येईल.”

“खणलं व्हतंस?”

“हो. चांगलं हातभर.”

“गाठी निगाल्या?”

“मुळं निघाली पाटीभर. जाळली.”

वॉकरचे रबरी पाय राखेत रुतले होते. तिनं ते एकेक करून उचलले, मागं घेतले. “बरं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “च्या ठेव वसंताला. त्येला लांब जायाचंय.”

मला त्या क्षणी सगळं आठवलं. भाद्रपद, खुरप्याचं टोक, चितारलेली पानं. माझ्याकडे शब्दांची कधी वाण नव्हती. त्या दिवशी चहाचं आधण उकळून निम्मं झालं तरी मला एक वाक्य सापडेना. ती रागावली असती तर मी भांडले असते, रडले असते, माफी मागितली असती. तिनं एवढंच विचारलं की खुडूक कोंबडीची पिल्लं किती निघाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर ती अंथरुणात नव्हती. मागच्या दाराला गेले. डॉक्टरांनी तिला खाली बसायला आणि वाकायला मनाई केली होती. म्हणून तिनं राखेत पोतं अंथरलं होतं, त्यावर कुशीवर पडली होती आणि उजव्या हाताची बोटं मातीत फिरवत होती. लहान पोराच्या केसांतून फिरवावीत तशी. हात कोपरापर्यंत काळा. मी म्हणाले, “आत्या, ऊठ.” ती म्हणाली, “एखांदी खोल असती. एखांदी ऱ्हाती चुकून.” मीही बसले आणि शोधायला लागले. चार सकाळी आम्ही असंच केलं. पाचव्या दिवशी तिनं पोतं झटकून दांडीवर टाकलं.

वैशाख सरला. त्या जमिनीतून काही आलं नाही.

आणि पावसात भाताचं रोप असं आलं की वाडीतल्या बाया बघायला आल्या. हिरवंगार, दाट, वाऱ्यावर एकसारखं वाकणारं. राग येतो मला त्या रोपाचा. एखादी चूक निदान वाया तरी जावी. माझी चूक पिकली. दिवाळीनंतर आत्यानं नव्या तांदळाची पिशवी भोरला पाठवली. “तुझ्या राबाचा हाय म्हनावं,” असा निरोप. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. आम्ही जेवायला बसलो. मी वडिलांना तोवर सांगितलं नव्हतं. त्या ताटावर सांगितलं.

ते घास हातात धरून बसले. माझे वडील बाजारपेठेत कापडाच्या दुकानात आयुष्यभर उभे राहिलेत. गिऱ्हाइकाशी सोडून ते जास्त बोलत नाहीत. त्या दुपारी बोलले. गाव उठलं तेव्हा जो तो आपापल्या घराचे वासे, कौलं, दारं उतरवत होता. आत्याचं लग्न झालेलं. ती सासरहून एक दिवसासाठी आली. तिला म्हणाले, बाई, तुझ्या वाट्याचं काय हवं ते ने. तिनं न्हाणीमागं खणून गाठी काढल्या आणि पदरात बांधल्या. सगळे हसले. वडीलही हसले होते. “मी म्हणालो, वेडी आहेस, वासा ने, लाकूड चांगलंय,” वडील म्हणाले. “वासे आम्ही वर्षाच्या आत विकले.” मग त्यांनी तो घास खाल्ला. मीही खाल्ला. तांदूळ चांगला होता.

तेव्हापासून मी एका शब्दावर अडकलेय. सातबाऱ्यावर एक रकाना असतो, पोटखराब. जी जमीन पिकत नाही, हिशेबात धरायची नाही, ती. आमच्या गावाच्या जुन्या कागदांत न्हाण्या, परडी, देवळामागचा उतार, पाणवठ्याची वाट हे सगळं त्यात घातलंय. मी किती तावातावानं लिहिलं होतं त्यावर: यांना दिसत नाही म्हणून आमचं जगणं खराब? आता तो शब्द वाचला की मला तो लिहिणारे सरकारी साहेब दिसत नाहीत. कुदळ घेतलेली मीच दिसते. त्यांनीही विचारलं नव्हतं. त्यांनाही जागा रिकामी दिसली होती. त्यांच्याकडेही छापील गट होते, आणि भलं करायची घाई होती. यामुळे त्यांचा गुन्हा कमी होत नाही. माझ्या एका मित्रानं मला समजूत घालताना ‘सगळ्यांच्याच हातून होतं’ असं म्हटलं, तेव्हा मी त्याच्याशी बोलणं सोडलं. सगळ्यांच्या हातून होत नाही. ज्याला खात्री असते त्याच्याच हातून होतं.

वडिलांना सांगण्याआधी, त्याच पावसाळ्यात, मी एक पत्रक काढलं होतं. चिठ्ठीएवढं. त्यात आरोप नव्हता, मागणी नव्हती. एकच प्रश्न होता: करंजघरहून आणलेला भुईचाफा कुणाकडे आहे का? ते घेऊन मी खाली देशावर, आमच्या लोकांना जिथं जमिनी दिल्या त्या वसाहतीत गेले. सपाट रान, पत्र्याची घरं, दारादारात काळी माती. लोकांनी चहा दिला. बरेच जण म्हणाले, आठवतो, पण आणला नव्हता. हिराबाई म्हणून आत्याच्या लहानपणची मैत्रीण तिथं राहते. ती म्हणाली, “म्या आनला व्हता की. दोन पावसाळं निगाला बिचारा. मग ह्या काळ्या मातीत पानी धरलं आन कुजला. पारूकडं असंल बग. तिच्याकडची माती लाल हाय. तिनं राखला असंल.”

मी उठले. चहाचा कप धुऊन ठेवला.

परत येताना कापूरहोळला उतरले. हायवेच्या कडेला एक रोपवाटिका आहे. तिथं शोभेच्या पानांत, काळ्या पिशवीत, तो दिसला. तीच चितारलेली पानं, खालून जांभळी. “सावलीतलं आहे ताई, कुंडीत छान दिसतं,” विकणारा म्हणाला. कुठून आणलं विचारलं तर म्हणाला, वरून गाडी येते. मी पिशवी मांडीवर घेऊन आत्याकडे गेले. तिनं पान उलटं करून बघितलं, माती हुंगली.

“ह्योबी चांगलाय,” ती म्हणाली. “आपला न्हाई त्यो. पर ह्येचा काय दोष?” आणि शेवग्याखाली लावायला सांगितला.

पुढच्या वैशाखात त्याला फूल आलं. मी पहिल्यांदा पाहिलं. कोरडी जमीन तडकलेली आणि तिच्यातून थेट, देठ नाही, पान नाही, पांढऱ्या पातळ पाकळ्या आणि एक जांभळी जीभ. जणू जमिनीलाच काही बोलायचं होतं. पाण्याला जाणाऱ्या दोघी बाया आत डोकावल्या. “आत्याबाई, वास लई ग्वाड येतोय. काय वो ह्ये?”

आत्या ओट्यावर होती. “भुईचाफा. माझ्या म्हायेरचा हाय,” ती म्हणाली.

मी आत चुलीपाशी होते. त्या गेल्यावर बाहेर आले. “आत्या, खोटं का सांगितलंस?”

“मग काय सांगू? भाचीनं जाळला? ह्या वाडीत जलमभर तुला त्येच नाव पडंल. राबवाली म्हनतील.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आन मलाबी कुनाला दाकवायला म्हायेर लागतंय की गं.”

सत्य छापून मी मोठी झाले. त्या दिवशी मला कळलं की माझ्या सत्याला राहायला जागा त्या परड्यात नाही, आणि ती जागा मीच जाळलीय.

राब घातल्याला आता तीन वर्षं झाली. झेंडू बियानं आला, जास्वंद फांदीनं. परवा आत्यानं फोन करून बोलावलं. हिराबाई भोरला लेकीकडे आली होती, तिथून वेल्ह्याला येणार होती. मी पोचले तेव्हा दोघी ओट्यावर पाय पसरून बसलेल्या.

“पारे, किती म्हातारी झालीस गं!”

“तू काय हळदीची नवरी हाईस? त्वांडात दात किती ऱ्हायलं, मोज आदी.”

“दोन. तुला चावायला पुरं हाईत.”

खूप हसल्या. मग हिराबाईनं परड्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पारे, ऐकलं खरं का? हाय म्हनं तुज्याकडं त्यो. तुज्या आईच्या न्हानीमागला.”

आत्यानं माझ्याकडे बघितलं नाही. “हाय की. झोपलाय आता. निशे, खण. कुदळ नगं घिऊ, हातानं काढ.”

मी शेवग्याखाली बसले. बोटांनी माती उकरली. गाठी होत्या, मणी लोंबत होते. एक मोठी गाठ अलगद सोडवून हिराबाईच्या ओंजळीत ठेवली. तिनं नखानं जरा खरवडली, नाकाशी नेली, डोळे मिटले.

“त्योच,” ती म्हणाली. “आगं त्योच ह्यो! काकीच्या न्हानीचा वास.” आणि रडायला लागली. म्हाताऱ्या बाया रडतात तशी, आवाज न करता, सगळं तोंड हलवत. आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

मी सांगू शकले असते. सगळं तोंडाशी आलं होतं: कापूरहोळ, काळी पिशवी, वरून येणारी गाडी. आत्या तोवर माझ्याकडे बघायला लागली होती. आज्ञा नव्हती त्या बघण्यात. विनवणी होती, आणि आत्यानं माझ्याकडे त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं.

हिराबाईनं पदरानं तोंड पुसलं. “आवंदा कुंडीत लावती, लाल माती आनून. मातूर सून माझी शिकल्याली हाय, घर साफ करती. मेल्यालं मूळ म्हनून फेकून दील बग. पोरी, तुजं अक्षर चांगलं. कागदावर नाव लिवून बांद ह्येला.”

मी पिशवीतून कागद काढला, पेन काढलं. “भुईचाफा?” मी विचारलं.

“फुलाचं काय लिवतीस? त्ये तिला कळायचं न्हाई,” हिराबाई म्हणाली. “गावाचं लिव.”

मी कागद गुडघ्यावर ठेवला. मोठ्या अक्षरांत, लांबून वाचता येईल असं, लिहिलं: करंजघर.